खिशातलं घड्याळ गाडीत पक्कं कसं बसवावं?

प्रश्न असा आहे: आजोबांचं चावीचं खिशातलं घड्याळ आहे, चालू आहे, आणि ते रोजच्या गाडीत डोळ्यांसमोर असावं असं वाटतं. फोनच्या चुंबकी होल्डरला मागून चिकटवलं तर चालेल का, की वरच्या कडीत आकडा अडकवून टांगावं? आणि गाडीच्या हादऱ्यांचा घड्याळाला त्रास होतो का?

प्रश्नातले दोन्ही मार्ग आधी बाजूला ठेवू या. चुंबक नको आणि टांगणंही नको. घड्याळ गाडीत नक्की बसवता येतं. त्यासाठी त्याला कडेने धरणारी एक वाटी लागते, ती वाटी गाडीच्या पक्क्या भागाला बसलेली असावी लागते, आणि उतरताना घड्याळ काढून खिशात घालायची सवय लागते. वाटी गाडीची, घड्याळ तुमचं, एवढं एकदा मनाशी ठरवलं की बाकीचे निर्णय सोपे होतात. मी घड्याळं दुरुस्त करतो, त्यात जुन्या गाड्यांच्या फलकांवरची, म्हणजे डॅशबोर्डवरची, घड्याळंही येतात. गाडीतून माझ्या टेबलावर आलेल्या खिशातल्या घड्याळांचं दुखणं बहुतेक वेळा बसवण्याच्या पद्धतीत असतं, म्हणून कारणांसकट लिहितो.

चुंबकाचं आधी. या घड्याळाच्या आत बॅलन्स नावाचं चाक पुढे-मागे झुलत असतं आणि त्याला परत मध्यावर आणते ती केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग. जुन्या घड्याळांत ही स्प्रिंग बहुधा निळसर छटा दिलेल्या पोलादाची असते. फोनच्या होल्डरमध्ये असतं निओडिमियमचं चुंबक, जे आकाराच्या मानाने फारच जोरकस. त्याच्याजवळ स्प्रिंग गेली की तिचे वेढे चुंबकित होऊन एकमेकांना चिकटू लागतात, स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि घड्याळ पुढे पळतं. कधी दिवसाला काही मिनिटं, कधी तासाला काही मिनिटं. फारच झालं तर बंदच पडतं. चांदी, सोनं किंवा पितळ यांची केस चुंबकाला अजिबात अडवत नाही. उलट अशी केस चुंबकाला चिकटतही नाही, म्हणून लोक मागच्या झाकणाला लोखंडी चकती डकवतात. ती चकती पुढे काढताना झाकणावरचं कोरीवकाम, मुलामा किंवा निदान चकाकी तरी जाते. मी अशा चकत्या उष्णतेने आणि द्रावकाने सावकाश सोडवल्या आहेत, पण खाली राहिलेला डाग पूर्ण गेला असं क्वचितच झालं.

तुमचं घड्याळ आधीच चुंबकित आहे का हे बघायला छोटं होकायंत्र पुरतं. घड्याळ बंद असताना होकायंत्र बॅलन्सच्या जवळ फिरवून बघा. सुईला ओढ लागली, ती एका टोकाने आकर्षित आणि दुसऱ्या टोकाने दूर होऊ लागली, तर घड्याळजीकडे न्या. चुंबकत्व काढायला त्यांना काही सेकंद लागतात, त्यात घड्याळाची काही हानी होत नाही. होकायंत्र हातात आहेच तर बसवायच्या जागेभोवतीही फिरवा. डॅशबोर्डच्या आत स्पीकर कुठे दडलाय हे ते अचूक सांगतं. स्पीकरपासून निदान वीतभर लांब राहा. फोन बिनतारी चार्ज करायच्या पाटावर घड्याळ क्षणभरही ठेवू नका. तिथलं बदलतं चुंबकीय क्षेत्र धातूला तापवतं.

आता टांगण्याचं. यातली गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. मोकळं टांगलेलं खिशातलं घड्याळ गाडी उभी असतानाही स्वतःहून झुलायला लागतं. आत बॅलन्स एका दिशेला फिरतो तेव्हा केसला उलट दिशेचा बारीकसा धक्का बसतो. टांगलेलं घड्याळ स्वतःच एक लोलक असल्यामुळे ते धक्के साठत जातात. मग बॅलन्सची लय आणि घड्याळाचं झुलणं एकमेकांत मिसळतं आणि वेळ मिनिटामिनिटांनी चुकते. घरात खिळ्याला टांगायचं असलं तरी जुने कारागीर मागे मऊ गादी लावून घड्याळ तिला टेकवायला सांगत, ते यासाठीच. गाडीत तर वळणांचे झोके वेगळेच. शिवाय वरची कडी दोन बारीक भोकांत केवळ स्वतःच्या ताणाने अडकलेली असते. वर्षानुवर्षं साखळी ओढली गेल्यामुळे ती भोकं लंबगोल झालेली असतात. पूर्ण घड्याळाचा भार हादऱ्यांसकट त्या कडीवर टाकला की एक दिवस ती निसटणार.

हादऱ्यांचा त्रास होतो का? होतो, पण कोणत्या हादऱ्यांचा हे महत्त्वाचं. बॅलन्सचा दांडा, ज्याला बॅलन्स स्टाफ म्हणतात, त्याची दोन्ही टोकं साधारण ०.१ मिलिमीटर जाडीची असतात आणि ती खड्यांच्या, म्हणजे माणकासारख्या कठीण रत्नांच्या, भोकांत फिरतात. बॅलन्सचं सगळं वजन त्या टोकांवर. जुन्या घड्याळांत या टोकांना वाचवणारी काहीच व्यवस्था नसते. ब्रेगे या पॅरिसच्या घड्याळजीने १७९०च्या सुमारास धक्का शोषणारी रचना काढली होती, पण ती मोजक्या घड्याळांत राहिली. घाऊक प्रमाणात वापरली गेलेली इन्काब्लॉक पद्धत १९३४ची. तुमचं घड्याळ आजोबांचं असेल तर बहुतेक त्यात काहीच नाही, असंच धरून चला. घड्याळजीला मागचं झाकण उघडून विचारा: बॅलन्सच्या वरच्या खड्यावर वीणेच्या आकाराची छोटी पिवळी स्प्रिंग दिसली तर इन्काब्लॉक आहे. नसेल, तर खड्ड्यात आदळल्यावर गाडीचा टायर वाचेल पण बॅलन्सचं टोक वाकू किंवा तुटू शकतं.

इथे माझं स्पष्ट मत सांगतो. घराण्यातलं एकुलतं एक, धक्का-संरक्षण नसलेलं घड्याळ रोज खराब रस्त्यांवर धावणाऱ्या गाडीत बसवू नये. सुट्टीच्या दिवशी सावकाश चालवल्या जाणाऱ्या गाडीत जरूर बसवा. रोजसाठी त्याच मापाचं, धक्का-संरक्षण असलेलं, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं चावीचं घड्याळ घ्या आणि वाटी दोघांनाही बसेल अशी करा. आजोबांचं घड्याळ मग सणावाराला गाडीत येईल.

कुणी म्हणेल, रेल्वेचे लोक तर अशीच घड्याळं घेऊन आयुष्यभर इंजिनात फिरले. बरोबर. १८९१मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या किप्टनजवळ चालकाचं घड्याळ थोडा वेळ बंद पडून पुन्हा चालू झाल्यामुळे दोन गाड्यांची टक्कर झाली असं सांगतात, आणि त्यानंतर रेल्वेच्या घड्याळांचे नियम कडक झाले. आठवड्यात ३० सेकंदांहून जास्त चूक चालत नसे, घड्याळ पाच वेगवेगळ्या स्थितींत जुळवलेलं असावं लागे. पण ती घड्याळं इंजिनाला ठोकलेली नसत, ती असत चालकाच्या खिशात. माणसाच्या अंगाइतका चांगला धक्काशोषक कुठलाच कारागीर बनवू शकत नाही. खिशातून काढून लोखंडाला जोडलं की तेच घड्याळ वेगळ्याच जगात जातं.

मोटारींच्या सुरुवातीच्या काळात मात्र खिशातली घड्याळं फलकावर बसवायची पद्धत होतीच, आणि त्या जुन्या धारकांकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पितळेची खोल वाटी, समोर बिजागरीचं किंवा आट्यांचं कडं, वर चावीच्या मानेपुरती, म्हणजे चावी द्यायची गुंडी जिच्यावर असते त्या नळीपुरती, खाच. घड्याळ आत टाकायचं, कडं बंद करायचं, उतरताना काढून घ्यायचं. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फलकांवरही अशाच घडणीची घड्याळं धारकांत बसलेली असत. हॉयर या स्विस घड्याळ कंपनीने १९११मध्ये मोटारी आणि विमानांच्या फलकासाठी ‘टाइम ऑफ ट्रिप’ नावाचं उपकरण काढलं, १९३३मध्ये ‘ऑटाव्हिया’. हळूहळू आठ दिवस चालणारी, फलकासाठीच घडवलेली घड्याळं आली आणि खिशातलं घड्याळ खिशात परतलं. पण त्या सगळ्या धारकांत एक गोष्ट सारखी दिसते: घड्याळ त्याच्या कमरेला, म्हणजे केसच्या बाजूच्या पट्टीला धरलेलं आहे. काचेला दाब नाही, कडीला भार नाही, मागच्या झाकणाला टोचणी नाही.

तुमची वाटी अशीच हवी. घड्याळाचा व्यास कॅलिपरने तीन-चार ठिकाणी मोजा, कारण जुनी केस क्वचितच अगदी गोल असते. वाटीचा आतला व्यास त्याहून सुमारे ४ मिलिमीटर मोठा ठेवा, म्हणजे सगळीकडून २ मिलिमीटर अस्तराला जागा मिळते. खोली इतकी की घड्याळाची काच वाटीच्या कडेच्या किंचित आत राहील. ॲल्युमिनियम किंवा पितळ लेथवर कापून घेतलं तर उत्तम. लाकूडही चालतं, दिसतंही छान, पण ऊन आणि दमटपणा यांनी ते फुगतं-आकसतं, तेव्हा अस्तर थोडं जाड ठेवा. थ्री-डी प्रिंटरवर काढायची असेल तर नेहमीचं पीएलए प्लास्टिक वापरू नका. ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं आणि बंद गाडीत उन्हात वाटी आपोआप वाकते. एएसए किंवा एबीएस हे जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक घ्या.

अस्तराकडे लोक लक्षच देत नाहीत, आणि तिथेच केस खराब होते. साध्या व्हल्कनाइझ केलेल्या रबरात गंधक असतं. त्याच्या सहवासात चांदी काळी पडते. कमावलेल्या चामड्यातल्या आम्लांमुळे पितळेला आणि निकेलला हिरवट गंज चढतो. लोकरीचं फेल्टही चांदीला दीर्घकाळ सोसत नाही, कारण लोकरीतही गंधक आहे. मी सिलिकॉनची मऊ पट्टी किंवा बंद छिद्रांचा पॉलिथिलीन फोम वापरतो. दोन्ही निरुपद्रवी, दोन्ही उष्णतेत टिकतात, आणि घड्याळ आत सरकून बसताना हलकी पकड जाणवते. ती पकडच हवी: घड्याळ बोटांनी थोडं दाबून आत जावं, आणि वाटी उपडी केली तरी कडं न लावताही लगेच पडू नये. त्यावर समोरचं कडं हा दुसरा बंदोबस्त. कड्याचा आतला ओठ घड्याळाच्या धातूच्या चौकटीवर टेकावा, काचेवर नव्हे. जुन्या घड्याळांच्या पोर्सिलेनच्या तबकड्या म्हणजे तांब्यावर भाजलेलं काचेचं लेपन. चौकट एका बाजूने दाबली गेली आणि तो ताण तबकडीपर्यंत पोहोचला, तर केसासारखी चीर जाते आणि ती कायमची.

आता चावीची मान कुठे येते ते बघा. उघड्या तोंडाच्या घड्याळात मान १२च्या डोक्यावर असते. झाकणवाल्या घड्याळात, ज्याला हंटर म्हणतात, ती ३च्या बाजूला असते. त्यामुळे हंटरसाठी वाटीची खाच उजवीकडे कापावी लागते, नाहीतर सगळा वेळ मान तिरकी करून वाचत बसाल. हंटरचं झाकण गाडीत उघडं ठेवावं लागतं, ते बिजागरीवर थडथडतं आणि बिजागरी सैल होते. हंटर असेल तर गाडीत बसवण्याचा विचार सोडा, असंच मी सांगेन. रेल्वेसाठीच्या काही घड्याळांत वेळ लावायला समोरची चौकट उघडून आतली बारीक पट्टी ओढावी लागते. तुमचं त्या प्रकारचं असेल तर वाटीचं कडं हत्याराशिवाय निघणारं हवं. खरं तर ते कोणत्याही घड्याळासाठी तसंच हवं, कारण दर वेळी स्क्रूड्रायव्हर लागला तर तुम्ही घड्याळ गाडीतच सोडून जाल.

वाटी जोडायची कुठे? घड्याळाच्या सोयीआधी इथे माणसांचा विचार करायला हवा. आधुनिक गाडीत समोर, गुडघ्यापाशी, काचेच्या बाजूच्या खांबांत, छताच्या कडेला एअरबॅग असू शकतात. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते, आणि तिच्या झाकणावर किंवा फुगण्याच्या वाटेत बसवलेली कोणतीही वस्तू ती माणसाच्या तोंडावर फेकते. ‘एअरबॅग’ किंवा ‘एसआरएस’ अशी अक्षरं जिथे कोरली असतील, त्या झाकणाच्या आसपास काहीही नको. गाडीच्या माहितीपुस्तकात एअरबॅगची जागा दाखवणारं चित्र असतं, ते समोर ठेवूनच जागा ठरवा. पॅनलमागे पिवळ्या आवरणाच्या तारा किंवा पिवळे जोड दिसले तर तिथे भोक पाडायचं नाही. पिवळा रंग बहुतेक गाड्यांत एअरबॅगच्या वायरिंगचा असतो.

सुट्या घड्याळाचं टकरीत काय होतं हे आकड्यात बघू. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. गाडी थांबली तरी सुटलेलं घड्याळ त्याच वेगाने पुढे जातं. एखादी वस्तू सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्यावर जमिनीशी तिचा वेग तेवढाच असतो. १०० ग्रॅमचं धातूचं घड्याळ तिसऱ्या मजल्यावरून कुणाच्या डोक्यावर पडलं तर काय होईल याची कल्पना करा. वाटीत अडकलेलं असेल आणि गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर वाटी आणि घड्याळ मिळून २०० ग्रॅम वजनावर सरासरी १४ पट ओढ येते, म्हणजे जवळजवळ ३ किलो. क्षणापुरती ती त्याहून बरीच जास्त असते. मी १० किलोचं माप धरतो. वाटी बसवल्यावर तिला दोरी बांधून हातातल्या स्प्रिंगकाट्याने १० किलोपर्यंत पुढच्या दिशेने आणि खालच्या दिशेने ओढून बघतो. वाटी घट्ट राहिली पण प्लास्टिकचं पॅनलच खटकन निघून आलं, असं झालंय माझ्याकडे. तेव्हा कळलं की स्क्रू कितीही चांगला असला तरी तो कशात घुसलाय हेच खरं.

वाटीच्या बाहेरच्या कडा गोल करा. वाहनाच्या आतल्या भागांसाठी संयुक्त राष्ट्रसंघाच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा २१ क्रमांकाचा नियम आहे, त्यात डोकं आपटू शकेल अशा जागी कडांची गोलाई निदान २.५ मिलिमीटर त्रिज्येची असावी असं सांगितलंय. घरच्या कामालाही हेच माप धरावं. घड्याळाची काच खनिज काचेची असेल तर गाडीसाठी ती ॲक्रिलिकची करून घ्या. ॲक्रिलिक ओरखडतं, पण त्याच्या सुऱ्या होत नाहीत. मूळ काच कागदात गुंडाळून जपून ठेवा.

मला सगळ्यात आवडलेली जागा म्हणजे मधल्या भागात, गिअरच्या पुढे, जिथे पॅनलच्या मागे धातूची पट्टी सापडते. ऊन कमी, डोक्यापासून दूर, आणि नजर थोडी खाली नेली की दिसतं. काचेवर, काचेच्या खाली डॅशबोर्डच्या माथ्यावर, हवेच्या झरोक्यावर, आरशाखाली: या चारही जागा मी नाकारतो. पहिल्या दोन उन्हामुळे आणि रस्ता नजरेआड होत असल्यामुळे, तिसरी गरम-गार हवेमुळे, चौथी झुलण्यामुळे.

जोडणीसाठी मागे धातू मिळाला तर एम४ मापाचे दोन किंवा तीन स्क्रू, मोठे वॉशर आणि नायलॉनच्या कड्याचे न सैलावणारे नट. आट्यांवर लावायचा लॉकिंग द्रव प्लास्टिकला लागू देऊ नका. एबीएस आणि पॉलिकार्बोनेट त्याने तडकतात, आणि हे काही दिवसांनी कळतं. भोक पाडायचं नसेल तर ॲक्रिलिक फोमची जाड दुहेरी टेप हा दुसरा पर्याय, पण सपाट, गुळगुळीत जागीच. डॅशबोर्डवर सिलिकॉनची पॉलिश मारलेली असते, तिच्यावर काहीच टिकत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा, जागा कोमट असू द्या, अर्धा मिनिट जोराने दाबा आणि तीन दिवस वाटी रिकामी ठेवा, कारण या टेपला पूर्ण पकड घ्यायला सुमारे ७२ तास लागतात. लोक इथेच घाई करतात. व्हॅक्यूमने चिकटणारी रबरी चकती घड्याळासाठी कधीच नको. थंड-गरम होताना ती कधी सोडेल याचा नेम नाही.

वाकणाऱ्या लांब मानेचे स्टँडही नको, आणि याचं कारण नीट समजून घ्या, कारण तिथेच हादऱ्यांचा खरा मुद्दा आहे. जुन्या घड्याळाचा बॅलन्स तासाला १८,००० ठोके देतो, म्हणजे सेकंदाला पाच. नीट तोललेल्या बॅलन्सला वर-खाली किंवा पुढे-मागे हलवल्याने त्याच्या लयीत फारसा फरक पडत नाही. पण घड्याळ स्वतःच्या अक्षाभोवती वळवळलं, तबकडी डावी-उजवीकडे थोडी फिरली, की ती वळवळ सरळ बॅलन्सच्या झुलण्यात मिसळते. लांब मानेच्या टोकावर बसलेलं घड्याळ नेमकं हेच करतं. म्हणून वाटी पायाशी रुंद, आखूड आणि अक्षाभोवती वळणार नाही इतकी ताठ हवी.

मग लोक म्हणतात, वाटीखाली स्प्रिंग किंवा मऊ रबर टाकू. इथे आकड्यांनी मला वेळीच थांबवलं. मऊ आधारावर वस्तू आपल्या वजनाने १ मिलिमीटर दबली तर तिची स्वतःची लय सेकंदाला सुमारे १६ हेलकावे असते, २.५ मिलिमीटर दबली तर १०. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे २७ धक्के देतं. म्हणजे १० हेलकाव्यांचा आधार इंजिनाची थरथर चांगली गाळतो. पण खड्ड्यांत चाकं सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा उडतात, आणि तोच आधार ती उडी वाढवून घड्याळाला देतो. इंजिनाची थरथर वाचवायला जाऊन खड्ड्यांचा मार वाढवायचा, असा तो सौदा. म्हणून मी स्प्रिंग वापरत नाही. वाटीच्या तळाशी, म्हणजे घड्याळाच्या पाठीमागे, ३ मिलिमीटर फोम, जो दबतो पण उसळत नाही, तेवढा पुरे. दाबून सोडल्यावर हळूहळू मूळ जागी येणारा फोम निवडा. चेंडूसारखा उसळणारा नको.

वाटीखेरीज आणखी एक आधार ठेवा: घड्याळाच्या कडीतून एक आखूड, मजबूत गोफ किंवा बारीक साखळी, आणि तिचं दुसरं टोक वाटीच्या स्क्रूला नाही, दुसऱ्या वेगळ्या जागी. सैलपणा २ सेंटिमीटरहून जास्त नको. रोजचा भार तिच्यावर येत नाही, त्यामुळे कडीची भोकं झिजत नाहीत. कडं उघडं राहून गेलं त्या दिवशी मात्र तीच घड्याळ वाचवते. गोफ पायांच्या पेडलपर्यंत किंवा स्टिअरिंगपर्यंत पोहोचणार नाही हे बघून घ्या.

उष्णतेबद्दल थोडं थांबून लिहितो, कारण घड्याळ काढून नेण्याचा आग्रह त्यामुळेच आहे. भर उन्हात बंद उभ्या गाडीत डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंशांच्या पुढे सहज जातो. घड्याळाच्या आत अँकरचे, म्हणजे चाकांची गती ठोक्याठोक्याने सोडणाऱ्या तरफेचे, छोटे खडे आणि बॅलन्सखालचा खडा लाखेने बसवलेले असतात, त्याच लाखेने जिच्यापासून पॉलिश करतात. ती ७०–८० अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागते. खडा केसाएवढा सरकला की घड्याळ अडखळतं, आणि ते जुळवणं हे माझ्या कामातलं सगळ्यात चिकाटीचं काम. तेल पातळ होऊन खड्यातून पसरून जातं, पुढे कोरडी टोकं घासत राहतात. काच सेल्युलॉइडची असेल, पिवळट आणि किंचित कापरासारख्या वासाची, तर ती गाडीत मुळीच नको: ती ज्वलनशील आहे, आणि जुनी झाली की तिच्यातून निघणारी आम्ल वाफ काट्यांना गंज चढवते. अंधारात चमकणाऱ्या जुन्या काट्यांवरच्या रंगात रेडियम असू शकतं. तसं घड्याळ बंद गाडीत ठेवू नका आणि स्वतः उघडू नका.

वेळेचंही सांगतो. साध्या पितळी बॅलन्सचं आणि पोलादी हेअरस्प्रिंगचं घड्याळ तापमानात एका अंशाची वाढ झाली की दिवसाला सुमारे ११ सेकंद मागे पडतं. २० अंशांनी तापलं तर जवळजवळ पावणेचार मिनिटं. पितळ आणि पोलाद जोडलेल्या, कापलेल्या कड्याच्या बॅलन्समध्ये ही चूक पुष्कळ भरून निघते. गियोम या स्विस शास्त्रज्ञांनी शोधलेल्या एलिन्व्हार मिश्रधातूची स्प्रिंग असेल तर ही काळजी आणखी कमी. त्यांना १९२०चं भौतिकशास्त्राचं नोबेल अशाच निकेल-पोलाद मिश्रधातूंसाठी मिळालं.

स्थितीमुळेही फरक पडतो. टेबलावर पाठ टेकून पडलेल्या घड्याळाचा आणि वाटीत उभं राहिलेल्या घड्याळाचा वेग वेगळा असतो. म्हणून घड्याळ सर्व्हिसिंगला द्याल तेव्हा सांगा की ते १२चा आकडा वरच्या बाजूला ठेवून, उभ्या किंवा किंचित मागे कललेल्या स्थितीत चालणार आहे. तो कोन वाटी बसवताना मोजून त्यांना दिलात तर घड्याळजी त्याच स्थितीत जुळवून देईल. चावी रोज सकाळी, निघण्याआधी, वाटीबाहेर हातात धरून द्या. वाटीत बसलेल्या घड्याळाला चावी देताना मान वाकते.

दुचाकीच्या हँडलवर बसवण्याबद्दल विचारणारेही असतात. धक्का-संरक्षण असलेलं घड्याळ असेल तरच, आणि तेही आवडीच्या एखाद्या फेरीपुरतं. आजोबांचं घड्याळ तिथे नको.

बसवून झाल्यावर लगेच घड्याळ ठेवू नका. घड्याळाच्या वजनाची आणि व्यासाची लाकडी किंवा पितळी चकती वाटीत घाला आणि आठवडाभर नेहमीच्या रस्त्यांवर फिरा. ती खडखडली, फिरली, कडं सैल झालं, तर दुरुस्ती आत्ता करा. चकतीवर एक रेघ आणि वाटीवर एक रेघ समोरासमोर मारून ठेवली तर घड्याळ वळवळतंय का ते कळतं. रेघा सरकल्या तर अस्तर सैल आहे. त्यानंतर घड्याळ ठेवा आणि पहिले दहा-बारा दिवस रोज त्याच वेळी ते किती पुढे-मागे आहे ते लिहून ठेवा. रोज सारखंच पुढे किंवा मागे असेल तर ते निरोगी आहे, फक्त जुळवायचं आहे. एके दिवशी अचानक मिनिटांनी पुढे गेलं तर आसपास चुंबक शोधा. सेकंद काटा कधी थांबतो, कधी चालतो, किंवा पूर्ण चावी देऊनही रात्रीत बंद पडतं असं झालं तर त्या क्षणी घड्याळ गाडीतून काढा, हलवून चालू करायचा प्रयत्न करू नका. बॅलन्सचं टोक वाकलं असेल तर हलवण्याने ते तुटतं. टोक वाकलेलंच असताना माझ्यासारख्याकडे आलं तर बहुतेक वेळा मूळ दांडा वाचवता येतो.